हाये तशी हाये

खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि तेव्हा कुठे बालघरातली शांतता मोडली. कौसल्याताई लगबगीनं उठून चुलीकडे गेल्या. त्यांना उठायला निमित्तच हवं होतं. आम्हा सगळ्यांनाच हवं होतं.

परदेशातून आलेल्या सिग्नेबाईंचा प्रश्न मी नुकताच मराठीत सांगितला होता. बालघरात यायला लागल्यापासून तुमच्या मुलांमध्ये काय सुधारणा झाली? समोर सतरंजीवर गावातल्या बायका बसल्या होत्या, निम्म्या आया आणि निम्म्या आज्या. कुणी पदराचं टोक पिळत होतं, कुणी मांडीवरच्या लेकराची टोपी उगाचच नीट करत होतं. तोंड मात्र कुणी उघडत नव्हतं.

"आजी, तुम्ही सांगा," मी सगळ्यात पुढे बसलेल्या पारूआजींना म्हटलं.

त्यांच्या गुडघ्याला टेकून त्यांची नात बसली होती. चार-पाच वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची, कपाळावर रुपयाएवढी काजळाची तीट. मघाशी तिनंच सिग्नेबाईंपुढे उभं राहून फळांची नावं घडाघडा म्हणून दाखवली होती. आजींनी तिला पटकन पदराआड ओढलं.

"काय सांगावं बाई. हाये तशी हाये."

"म्हणजे काहीच फरक नाही?"

"कशाचा आलाय फरक. किरकिरी हाये. खात न्हाई, पीत न्हाई. नुसती दगडी हाये."

पोरीचं हजेरीतलं नाव राजनंदिनी होतं. आजी तिला दगडी म्हणत. मी इंग्रजीत सांगितलं, काही फरक नाही, ती नीट जेवत नाही. सिग्नेबाईंनी मान हलवली आणि पुढच्या बाईकडे पाहिलं. पुढची म्हणाली, "आमचं बी तसंच." तिच्या पुढची म्हणाली, "बरंय आपलं." दाराशी उभी असलेली राजनंदिनीची आई, शीतल, कडेवरचं तान्हं सावरत म्हणाली, "आत्याबाई म्हणतेत तसंच."

कुर्लेकर सर माझ्याकडे बघत होते. ही बालघरं चालवणाऱ्या संस्थेचे ते प्रमुख. मी काही तरी करावं असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण येतानाच गाडीत सिग्नेबाईंनी मला बजावलं होतं, शब्दाला शब्द. आधीच्या दौऱ्यात दुसऱ्या कुठल्याशा राज्यात दुभाष्यानं बायकांच्या दोन शब्दांची दहा वाक्यं केली होती. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो सगळा दौराच रद्द धरला. "तुमच्या पदरचं काही घालू नका," त्या म्हणाल्या होत्या. मी घातलं नाही.

हा जिल्हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. दिवाळी झाली की नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागला की परततात. लेकरं पूर्वी सोबत जायची. एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं कुर्लेकर सरांच्या मदतीनं गावोगाव बालघरं काढली. दिवसभर मुलं बालघरात, रात्री आजीजवळ. पैसा दूरच्या एका थंड देशाच्या सरकारचा. त्या सरकारनं सिग्नेबाईंना पाठवलं होतं. लोकांशी बोला आणि आम्हाला सांगा, हे चालू ठेवायचं का. आलेखांचे कागद त्यांना पुष्कळ मिळाले होते. "ते तुम्हीच काढता," असं त्या कुर्लेकर सरांना हसत, पण ठाम सांगत. "मला आयांकडून ऐकायचंय."

आणि आया म्हणत होत्या, हाये तशी हाये.

बैठक संपली तसं शीतलचं तान्हं रडायला लागलं. मी ओसरीवर होते. ते रडणं कानावर पडलं आणि माझ्या छातीत कळ आली, कुडता ओला झाला. मी घाईघाईनं ओढणी पुढे घेतली, पण शीतलनं पाहिलं होतं. पोराला पदराखाली घेऊन ती माझ्या शेजारी टेकली.

"तान्हं हाये का ओ तुमाला?"

"हो. पुण्यात आहे. सासूबाईंजवळ."

"पोरगा का पोरगी?"

"मुलगी. जुई. आता वर्षाची होईल."

"अंगावर पिती अजून?"

"पीत होती. आता..."

"पिळून टाका," ती हलकेच म्हणाली. "ठेवू नका, गाठी व्हत्यात. कशी हाये पोरगी?"

"आहे आपली ठीक."

तिनं मान डोलावली. तिला ते उत्तर पुरलं. मग तिनं आवाज खाली आणला. "ताई, त्या बाईचं काय मन दिसतंय? चालू ऱ्हाईल का बालघर?"

"माझ्या हातात नाही गं ते."

"उद्या दुपारी आमचं ट्रॅक्टर हाये. बालघर ऱ्हायलं तर पोरीला आत्याबाईंपाशी ठेवून जाते. न्हाई ऱ्हायलं तर न्यावंच लागंल. आत्याबाईंना नीट दिसत न्हाई. पोरगी हिरीकडं गेली तरी कळायचं न्हाई त्यांना." पोराच्या डोक्यावरून तिचा हात फिरत राहिला. "बालघर नव्हतं तवा नेली व्हती एक साल. पाचटावर निजायचं. थंडीनं काळीनिळी पडायची लेकरं. उसाचं खुट पायात घुसलं, पाय सुजून टम झाला, मुकादम म्हणं आधी गाडी भरा. वाचली ती माझी पुण्याई."

"मग आत का नाही सांगितलंस हे? इथं ठेवल्यावर कशी सुधारली ते?"

शीतलनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही तरी अभद्र बोलले आहे.

"असं कुठं सांगत्यात व्हय," ती म्हणाली आणि उठून गेली.

विश्रामगृहात परतल्यावर दिवेलागणीच्या सुमाराला चहा आला, आणि चहाबरोबर सिग्नेबाईंचं मत. त्या मुळीच कठोर बाई नव्हत्या. पन्नाशीच्या, उन्हानं लाल झालेल्या, धुळीत मांडी घालून बसणाऱ्या. त्यांना वाईट वाटत होतं ते दिसत होतं.

"लोकांना गरजच वाटत नसेल तर आम्ही लादू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तीन गावं झाली. तिन्हीकडे हेच. एकही आई म्हणाली नाही की माझं मूल आता बरं आहे. मी हंगामाआधीच थांबवायला सांगणार आहे. तो पैसा दुसरीकडे उपयोगी पडेल."

"पण मुलांची वजनं..." कुर्लेकर सर म्हणाले.

"वजनं तुम्ही सांगता. आया नाही म्हणतात. मी कुणावर विश्वास ठेवू?"

सर माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले, "केतकी, अगं या बायांना झालंय काय? एरवी मला रस्त्यात अडवून केळी देतात."

मी फोन घेऊन गच्चीवर गेले. रेंज तिथेच यायची.

"आई, जुई कशी आहे?"

"आहे. ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या.

"जेवली का?"

"खाल्लं थोडंसं."

"काय करत होती आज?"

"काय करणार? खेळत होती. तू तुझं काम बघ."

रोजचंच हे. घरातून निघाल्यापासून रोज मी एखाद्या भिकाऱ्यासारखी हात पसरायची आणि त्या हातावर 'ठीक' ठेवायच्या. मला तिच्या मुठी हव्या होत्या, जावळाचा वास हवा होता, झोपेत ती ओठ चोखते तो आवाज हवा होता. ते फोनवर कसं मागायचं? बाळंतपणानंतर हे माझं पहिलंच काम. घेणारच म्हणून मीच हट्ट धरला होता, आणि सासूबाईंनीच म्हटलं होतं, जा, मी आहे. आता त्यांना काय म्हणणार? मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन दूध पिळून टाकलं. पांढरी धार मोरीत गेली. बादलीभर पाणी ओतलं तरी मला ती दिसतच राहिली.

बाहेर आले तर माझ्या नवऱ्यानं, हृषीकेशनं, फोटो पाठवला होता. जुई, अंगात लाल झबलं, तोंडभर वरणभात. मी व्हरांड्यात उभी राहून बघत होते. सिग्नेबाई मागे कधी आल्या कळलंच नाही.

"तुमची मुलगी? अहो, किती सुंदर! काय गाल आहेत! किती निरोगी मूल आहे हे!"

"कुठली हो!" मी झटकन फोन पालथा केला. "काही खात नाही. सारखी आजारी असते. दिसते तेवढंच."

सिग्नेबाईंचा चेहरा उतरला. "आजारी आहे? आणि तुम्ही तिला सोडून इकडे आलात? मला सांगायचं होतं ना. गाडी देते, उद्या सकाळी परत जा."

"नाही नाही, आजारी नाहीये."

"आत्ता तर म्हणालात."

"बरी आहे ती. अगदी छान आहे."

"मग खोटं का सांगितलंत?"

माझा उजवा हात फोनवर होता. त्याच हातानं मी, त्यांचं कौतुक ऐकता ऐकता, कानशिलाशी बोटं मोडली होती. मी इंग्रजीत एम. ए. केलंय. असल्या गोष्टी मानते का, असं कुणी विचारलं असतं तर मी हसले असते.

"एक मिनिट," मी म्हटलं आणि तशीच पुन्हा गच्चीवर पळाले.

"आता काय गं?" सासूबाई म्हणाल्या. "काही झालं का?"

"काही नाही. आई, जुई तुम्हाला फार त्रास देते का हो?"

मग त्यांनी श्वास घेतला.

"त्रास? विचारू नकोस बाई! घर म्हणून जागेवर राहिलेलं नाही. आज पोळ्या करत होते तर पोळपाट धरून उभी! पीठ सगळं डोक्यावर. मी ओरडले तर माझ्याकडे बघून हसते, लबाड. परवा दोन पावलं टाकलीन आणि धपकन बसली, आणि टाळ्या कुणी वाजवायच्या, तर तिनंच! काल देवापुढचा पेढा पळवला. हे पेपर वाचायला बसले की ह्यांचा चष्मा. आणि संध्याकाळी बेल वाजली की निघाली रांगत दाराकडे, आ आ करत. दूधवाला दिसला की असं भोकाड पसरते, तो बिचारा म्हणतो, मी काय केलं? कंटाळले मी, केतकी. ये लवकर."

मी गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसले होते. "आई, दोन पावलं टाकली तिनं? मला सांगितलं नाहीत?"

"त्यात काय सांगायचं?" त्या एकदम सावध झाल्या. मग म्हणाल्या, "आहे. ठीक आहे."

मी खाली आले. सिग्नेबाई अजून तिथेच होत्या. "मला तुमचा नियम मोडायचा नाही," मी म्हटलं. "उद्या मी शब्दाला शब्दच सांगेन. फक्त प्रश्न एकच विचारा, मी सांगते तो."

"कोणता?"

मी सांगितला, आणि त्यामागची दृष्ट लागण्याची भीतीही सांगितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पालथ्या फोनकडे पाहिलं. "तुम्ही मुलीबद्दल बोललात ते त्यासाठी?" मी मान डोलावली. "बरं," त्या म्हणाल्या. "विमान रात्रीचं आहे. सकाळी जाऊ."

सकाळी बायका पुन्हा सतरंजीवर जमल्या. आज घाईत होत्या, घरोघर बोचकी बांधायची राहिली होती. सिग्नेबाईंनी विचारलं, मी सांगितलं, "बाई विचारतात, बालघरात यायला लागल्यापासून ही पोरं तुम्हाला त्रास काय काय देतात?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागून एक आजी कडाडल्या, "खरं सांगू का? राग न्हाई ना यायचा बाईला?"

"नाही येणार."

"माझा नातू मला भाकर थापू देईना. आजे, आधी हात धू. अरे मेल्या, याच हातानं तुझ्या बापाला वाढवला म्हटलं!"

बायका फिस्सकन हसल्या आणि मग बांध फुटला.

"आमची ती रातच्याला निजू देईना. गोष्ट सांग, गोष्ट सांग. सांगितली तर म्हणती ही कालचीच हाये, मधला कोल्हा का गाळला?"

"आमच्या पोरीपायी एस. टी. गेली ओ! स्टँडवर पाटी बघत उभी. थांब आजे, हे ब हाये, हे ड हाये. तिचं ड होईस्तवर गाडी गेली की बीडला!"

"कोंबड्यांना रांगेत बसवतंय आमचं येडं. हजेरी घेतंय. कोंबडी अंडं द्यायची इसरली."

"तुझी कोंबडी आधीच म्हातारी हाये गं शेवंता, पोराला नको बोल लावू!"

मी सांगत होते, शब्दाला शब्द, आणि मला वेग गाठता येईना. सिग्नेबाईंनी लिहायचं कधीच थांबवलं होतं. त्या हसता हसता डोळे पुसत होत्या. कौसल्याताई चुलीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

शेवटी पारूआजी सरसावल्या. राजनंदिनी त्यांच्या मांडीवर होती.

"माझं ऐका बाई. ही दगडी. आजे उचल, आजे उचल, करती. माझी कंबर मोडायची येळ आली. फडावरनं आणली व्हती तवा कागदावानी व्हती, उचलली का न्हाई तेबी कळायचं न्हाई. आता उचलाय जाते तर..."

त्या थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाबरून पोरीच्या तोंडावरून हात ओवाळला, कानशिलाशी कडाकडा बोटं मोडली आणि डोकं हलवत म्हणाल्या, "किरकिरी हाये. हाये तशी हाये."

मी तेही सांगितलं. सगळं, बोटं मोडली तेसुद्धा.

सिग्नेबाई उठल्या. पारूआजींसमोर उकिडव्या बसल्या, राजनंदिनीकडे बघून हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. गालाला हात न लावताच त्यांनी मला सांगितलं, "यांना सांगा, मला समजलं. आणि कुर्लेकरांना सांगते, मी चालू ठेवायला सांगणार. हा हंगाम आणि पुढचाही."

कुर्लेकर सरांनी माझा हात धरून जोरजोरात हलवला. "सांग, सांग त्यांना!"

मी सांगितलं. बालघर चालू राहणार. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "बरं झालं," दोघीतिघी म्हणाल्या. पारूआजींनी हात जोडले. मी शीतलला शोधत होते, तिचा चेहरा मला बघायचा होता. ती दाराशीच होती. तिनं एकदा राजनंदिनीकडे पाहिलं.

"बरं झालं ताई," ती म्हणाली. "मुकादमाला सांगून येते मग. पोरगी न्हाई येणार."

आणि वळून चालायला लागली. भिंतीआड गेल्यावर तिची पावलं थांबलेली मला ऐकू आली. बराच वेळ थांबली होती.

दुपारी आम्ही निघालो तेव्हाच ट्रॅक्टर निघत होता. ट्रॉलीवर बोचकी, भांडी, बांबू, बांधलेली शेळी, आणि वर बायामाणसं. शीतल तान्ह्याला पोटाशी घेऊन बसली होती. तिनं राजनंदिनीला खाली वाकून काही सांगितलं, वेणी घट्ट केली, परत सोडून परत घातली. ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता. पारूआजींचं तोंड सारखं चाललेलं. "जा जा, काय बघती. दगडीला काय व्हतंय. तू जा."

सिग्नेबाई गाडीत बसल्या होत्या. कुर्लेकर सर आनंदानं कुणाला तरी फोनवर बातमी सांगत होते. मला घरी जायचं होतं. सहा तासांचा रस्ता, मग जिना, मग दार. दाराकडे रांगत येणारी ती. मला इतकी घाई कधीच झाली नव्हती, आणि तरी मी तिथे उभी होते, कारण राजनंदिनीनं येऊन माझी ओढणी धरली होती.

ती रडत नव्हती. ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. धूळ खाली बसली. मग तिनं मान वर केली. मी सकाळी बायकांशी बोलत होते ते तिनं सगळं ऐकलं होतं, आणि बालघर माझ्यामुळे राहिलं असं तिला कुणी तरी सांगितलंही असावं.

"ताई," ती म्हणाली, "बालघर बंद पडलं असतं, तर आईनं मला संगं नेलं असतं ना?"